‘खरा वारस कोण?’ हा प्रश्नच चुकीचा आहे : सातारा, कोल्हापूर आणि जपानचे दोन दरबार

१/१६
खरा वारस कोण? शाहू महाराज, की महाराणी ताराबाईंचे पुत्र शिवाजी? समाजमाध्यमांवर या प्रश्नावरून वारंवार रण माजते. एक पक्ष ताराबाईंना सत्तालोभी ठरवतो, दुसरा शाहूंना मोगलांनी सोडलेले प्यादे म्हणतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र निमूटपणे गृहीत धरतात : वारस आधीच ठरलेला होता आणि दुसऱ्याने त्याचा हक्क हिरावला. हे गृहीतकच पुराव्यापुढे टिकत नाही.

२/१६
आधी १६८० कडे पाहू. ३ एप्रिलला शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आले. थोरल्या पुत्राचा हक्क निर्विवाद असता, तर अण्णाजी दत्तोंसारखे अनुभवी प्रधान या बेतात सामील झाले असते काय? निकाल लागला तो सेनापती हंबीरराव मोहिते यांच्यामुळे. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. तरी ते संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले.

३/१६
मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी जिंजी गाठली आणि राज्य तेथून चालू राहिले. म्हणजे थोरली शाखा शत्रूच्या छावणीत आणि राज्य धाकट्या शाखेच्या हाती. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या विभागणीत आहे.

४/१६
त्या छावणीची जागा सोलापूर जिल्ह्यातच आहे. मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ, भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाचा मुख्य तळ होता. शाहू वयाच्या पंचविशीपर्यंत बादशाही बंदिवासातच वाढले. हा त्यांचा दोष नव्हे. पण याच काळात राज्य दुसऱ्यांनी लढवून टिकवले, हेही तितकेच खरे.

५/१६
मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. ताराबाईंनी आपल्या अल्पवयीन पुत्राला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा : वृद्ध बादशहा एकेक किल्ला घेत गेला आणि मराठे गेलेले किल्ले परत घेत राहिले. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मरण पावला, तेव्हा दख्खन त्याच्या हाती आलेले नव्हते.

६/१६
त्याच वर्षी शहजादा आझमशाह याने माळव्याच्या वाटेवर शाहूंची सुटका केली. यात औदार्य कमी आणि हिशेब अधिक होता. शाहू दक्षिणेत पोहोचले की मराठ्यांत दुही माजेल, हे मोगल दरबार ओळखून होता. येसूबाईंना ओलीस ठेवण्यात आले. त्यांची सुटका १७१९ मध्ये झाली.

७/१६
आता दोन्ही दावे शेजारी ठेवून पाहा. शाहूपक्ष म्हणे : हे छत्रपती संभाजींचे औरस पुत्र, खुद्द राजारामांनीही आपण शाहूंच्या वतीनेच राज्य सांभाळत असल्याची भूमिका घेतली होती. ताराबाई म्हणत : शिवछत्रपतींनी मिळवलेले राज्य संभाजींच्या काळात गेले, आज आहे ते माझ्या पतीने नव्याने मिळवलेले. त्यावर शाहूंचा हक्क कसा?

८/१६
एक दावा वंशाचा, दुसरा कर्तृत्वाचा. दोन्हींत तथ्य आहे. परंतु या दोहोंतून निवड करणारा लेखी नियम मराठी राज्यात नव्हता आणि निवाडा देणारे न्यायपीठही नव्हते. म्हणून ‘शाहूच कायदेशीर वारस’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने आधी तो कायदा दाखवावा.

९/१६
निवाडा झाला तो रणात. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठच्या खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली आणि ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. १६८० मध्ये हंबीरराव, १७०७ मध्ये धनाजी. ज्याच्याकडे सेनापती गेला, तो पुढे ‘खरा वारस’ ठरला. वारसाहक्क हे विजयाचे कारण नव्हते, ते विजयाचे फळ होते.

१०/१६
हीच कसोटी ताराबाईंनाही लावली पाहिजे. हे शाहू नव्हेतच, कोणी तोतया आहे, असे त्यांच्या पक्षाने पसरवले होते. पुढे शाहूंच्या अखेरच्या काळात त्यांनी रामराजांना आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून पुढे केले. १७५० मध्ये रामराजे ऐकेनात, तेव्हा त्यांनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथेवर नातू म्हणून नाकारले. तरीही रामराजे १७७७ मध्ये मरेपर्यंत छत्रपतीच होते! रक्ताचा पुरावा कोसळला तरी गादी ढळली नाही, कारण ती रक्तावर उभीच नव्हती.

११/१६
रामराजांशेजारी अक्कलकोटचे उदाहरण ठेवावे. परतीच्या वाटेवर पारद गावच्या लढाईत गावचा पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायांवर घातले. तेच फत्तेसिंह भोसले. ते शाहूंच्या घरात पुत्रवत वाढले आणि अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष ठरले. १७४९ मध्ये शाहू औरस पुत्राविना वारले, तेव्हा फत्तेसिंह हयात होते. सर्वांसमक्ष वाढलेला मानसपुत्र बाजूला राहिला आणि ज्याचे कुळच वादात होते, तो गादीवर आला.

१२/१६
ही गोष्ट केवळ मराठ्यांची नव्हे. तेराव्या शतकात जपानचा सम्राट गो-सागा याच्या दोन पुत्रांपासून, गो-फुकाकुसा आणि कामेयामा यांच्यापासून, राजघराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि आळीपाळीने सम्राटपद घेऊ लागल्या. गो-दाइगो याने ही पाळी झुगारली. १३३६ मध्ये सेनानी आशिकागा ताकाउजी याने क्योतो येथे दुसऱ्या शाखेचा सम्राट बसवला. गो-दाइगो दक्षिणेकडे योशिनोच्या डोंगरात गेला. देश एक, सम्राट दोन. उत्तर आणि दक्षिण दरबारांचा हा झगडा १३९२ पर्यंत चालला.

१३/१६
१३९२ मध्ये शोगुन योशिमित्सु याने पुन्हा आळीपाळीचे आश्वासन दिले. दक्षिणेच्या सम्राटाने आरसा, तलवार आणि रत्न ही राजचिन्हे उत्तरेच्या स्वाधीन केली. आश्वासन पाळले गेले नाही. गादी उत्तरेकडेच राहिली. आणि १९११ मध्ये पाठ्यपुस्तकांवरून वाद पेटला, तेव्हा दक्षिण दरबारच वैध होता असे ठरवण्यात आले. तेव्हाचा मेइजी सम्राट उत्तरेच्या शाखेचा वंशज होता! पाच शतकांपूर्वीचा ‘खरा वारस’ विसाव्या शतकातील राजकारणाने निवडला.

१४/१६
दोन्हीकडे खरा लाभ कोणाचा झाला, हेही पाहावे. दावेदार दोन झाले की पाठिंब्याचा भाव चढतो. जपानात आशिकागा शोगुन प्रबळ झाले. येथे १७१३ मध्ये शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि पुढच्या दोन पिढ्यांत राज्याची सूत्रे पेशव्यांकडे गेली. निजामाने तर कोल्हापूरकर संभाजींना हाताशी धरून शाहूंना शह दिला; १७२८ च्या पालखेडच्या पराभवानंतरच तो डाव आवरला. वारसाचा नियम नसण्याची किंमत राज्याने अशी मोजली.

१५/१६
मग सारा दोष एकट्या ताराबाईंच्या ‘हव्यासा’वर का ढकलला जातो? शहजादा आझम भावाशी गादीसाठी लढला, ते राजकारण. सरदारांनी पक्ष बदलले, ती दूरदृष्टी. सात वर्षे औरंगजेबाशी झुंजलेल्या स्त्रीने आपल्या पुत्राची गादी सोडली नाही, तो मात्र हट्ट! १७१४ मध्ये राजसबाईंच्या पुत्रासाठी ताराबाईंनाच कोल्हापुरात पदच्युत करून कैदेत टाकले गेले. त्या कटाला इतके कठोर विशेषण क्वचितच लावले जाते. मोजमापे अशी माणूस पाहून बदलत असतील, तर त्याला इतिहासलेखन म्हणता येणार नाही.

१६/१६
१७३१ मध्ये वारणेचा तह झाला. सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्यांनी एकमेकींना मान्यता दिली आणि वारणेच्या दक्षिणेचा प्रदेश कोल्हापूरकडे राहिला. प्रत्यक्ष भांडलेल्यांनी ‘खरा कोण’ हा प्रश्न चोवीस वर्षांनी सोडून दिला आणि सीमा आखून घेतली. आजच्या तरुण वाचकांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत : दावा कशावर उभा होता, तो कोणी उचलून धरला आणि त्याची किंमत कोणी मोजली? यांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. ‘खरा वारस’ मात्र प्रत्येक पक्षाला आपल्याच घरात सापडतो.