बुधवारचा वाडगा

आमच्या घरात बुधवार हा कोंबडीचा वार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार आमच्या माहेरच्या वळणानं पाळायचे, रविवारी कुणीतरी येणार नाहीतर कुणाकडं तरी जायचं, मग मधे सापडतो तो बुधवारच. मी पतसंस्थेतनं साडेसहाला घरी येते. आल्या आल्या कांदा-खोबरं भाजा, वाटण करा, रस्सा चढवा, भाकऱ्या थापा. जेवायला साडेनऊ ठरलेले. मुलं तोवर फरसाणाचा डबा संपवून बसलेली.

पण हा लेख माझ्या दमण्याबद्दल नाही. दमतो आपण सगळ्याच.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी, मासे-मटण खाणारं. सासर बैलहोंगलचं, कन्नड, लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही. आमचे हे धारवाडच्या हॉस्टेलात कोंबडी खायला शिकले, ते अत्तींना ठाऊक होतं आणि त्या त्यावर कधी बोलल्या नाहीत. (सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून अत्तीच म्हणते. मुलं त्यांना आयी म्हणतात. त्यामुळं शेजारच्या पुणेकर बाईंना बरेच दिवस वाटत होतं, की मुलांना दोन आया आहेत.) आम्ही टिळकवाडीत, त्या गावी, तोवर सगळं आपापल्या जागी होतं. 2021 मध्ये मामंजी गेले आणि अत्ती कायमच्या आमच्याकडं आल्या.

त्यांनी काही अट घातली नाही. मीच आपणहून वेगळी भांडी काढली, वेगळी शेगडी मागच्या गॅलरीत ठेवली. बुधवारी सात वाजता त्यांची भाकरी, भाजी, ताक असं ताट त्यांच्या खोलीत नेऊन द्यायची आणि दार लोटून घ्यायची. मला वाटायचं, सून म्हणून मी किती समजूतदार! नंतर आम्ही चौघं टेबलाशी रस्सा ओरपायला मोकळे.

2022 च्या पावसाळ्यात एका बुधवारी रात्री दहाला मी ताट आणायला गेले, तर ताट तसंच झाकलेलं. अत्ती पलंगावर बसलेल्या, कपाळावर घाम, हात थरथरताहेत आणि काय बोलताहेत ते त्यांनाच कळेना. घरात साखर तपासायचं यंत्र होतं म्हणून बरं. आकडा आला 58. मधुमेहाची गोळी संध्याकाळी वेळेवर घेतलेली, पण पोटात काही नाही. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग दूधभात भरवला. त्या शुद्धीवर होत्या म्हणून पाणी पाजता आलं. घोट गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला चांगलं दरडावून सांगितलं.

घरी आल्यावर विचारलं, तेव्हा कळलं की ही पहिली वेळ नव्हती. कित्येक बुधवार त्या नुसतं दूध पिऊन झोपत होत्या, कधी तेही नाही. पावसात खिडक्या बंद असल्या की खोबरं-कांदा भाजल्याचा आणि उकळत्या रश्श्याचा वास दाराखालून आत जायचा. "ननग वासनी आगूदिल्ल," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं मराठीत, बहुधा मला नीट लागावं म्हणून, "आणि एकटीनं जेवाय नको वाटतंय गं. गावाकडं कधी एकटी जेवली न्हाई मी."

लागलं. मी कोंबडी बंद करते म्हणाले, तर त्यांनीच नको सांगितलं. मुलांच्या तोंडचा घास माझ्यामुळं नको, म्हणाल्या. नातवंडांच्या ताटात काय आहे यापेक्षा आपण दाराआड आहोत, याचंच त्यांना जास्त झालं होतं.

वाट काढली ती आमच्या दहावीतल्या लेकीनं. तिनं मोबाइलवर कुठंतरी 'चिकन अँड कुकुंबर बाउल' पाहिला होता. एका बाउलमध्ये खाली भात, वर काकडी, बाजूला चिकनचे काप, वरनं दही. रस्सा नाही, वाटण नाही. ज्याचा त्यानं आपला बाउल टेबलावर भरायचा. ज्याला नको त्यानं चिकन घ्यायचं नाही, बाकी सगळं सगळ्यांचं एकच. ती अत्तींना चित्र दाखवायला गेली. अत्तींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "इदु नुच्चु अल्लेनु?"

बघा, बाउल म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. जोंधळ्याच्या कण्या शिजवून त्यावर ताक आणि चटणी घालून वाडग्यातनं खाणारी माणसं दोन्ही भाषांत होती. आमच्या खानापुराकडं ताक-कण्या, त्यांच्याकडं नुच्चु-मज्जिगी. माझी आजी कण्यांबरोबर कच्ची काकडी चावून खायची. फक्त पाहुण्यांसमोर कुणी ते वाढत नव्हतं, गरिबाघरचं म्हणून. आता तेच पांढऱ्या बाउलमध्ये घालून वर तिरकी काकडी ठेवली की फोटो काढतात!

मग अत्तींनी अटी घातल्या. काकडी त्या स्वतः चिरणार. त्यांची विळी वेगळी, चिरायचा पाट वेगळा. काकडीचं काम संपून भांडं झाकून टेबलावर गेल्याशिवाय कोंबडीची पिशवी फ्रिजबाहेर काढायची नाही. त्यांचा वाडगा आधी भरायचा. आणि चिकनचा चमचा दुसऱ्या कुठल्या भांड्यात जाता कामा नये. मला आधी वाटलं, ही शिवाशिव. पण नीट विचार केला तर स्वच्छतेच्या दृष्टीनं ह्याहून चांगले नियम नाहीत. कच्च्या कोंबडीवर रोगजंतू असतात. चिकन शिजतं तेव्हा ते मरतात, काकडी मात्र आपण कच्चीच खातो. एकाच पाटावर, एकाच सुरीनं दोन्ही चिरलं, तर व्हायचं ते होतं. आणि चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, लांबपर्यंत उडतात. माझ्या आईला हे पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

काकडीवरनं मात्र घरात वाद झाला. आमची खमंग काकडी म्हणजे काकडी चोचवायची, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, मिरची-जिऱ्याची फोडणी. अत्तींची कोसंबरी म्हणजे भिजवलेली मूगडाळ, ओलं खोबरं, लिंबू, मोहरी-हिंगाची फोडणी. कोशिंबीर आणि कोसंबरी, नावं ऐकली तर सख्ख्या बहिणी वाटतात, पण एका भांड्यात नांदायला तयार नाहीत. दोन बुधवार दोन्ही करून बघितलं. वाडग्यासाठी कोसंबरीच जिंकली, हे मी खानापूरची असून कबूल करते. एक तर मूगडाळीमुळं अत्तींच्याही वाडग्यात प्रथिनं येतात, नुसत्या काकडीवर त्यांचं कसं भागणार? दुसरं, कूट घातलेली काकडी दह्याशी मिळून लगदा होते. कूट हवंच असेल, तर शेंगदाण्याची चटणी वरनं घ्यावी. आम्ही तसंच करतो.

आता प्रमाण सांगते. चिकन खाणारे आम्ही चौघं आणि अत्ती, असं पाच माणसांचं.

सकाळी कामाला जाताना दीड वाटी जोंधळ्याच्या कण्या धुऊन भिजत घालते. संध्याकाळी चौपट पाणी आणि मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. कण्या नसतील तर भात करा, बेळगाव बासमती असेल तर काकडीबरोबर त्याचा वास फार छान लागतो. पण घरात मधुमेही असेल, तर भात काय आणि कण्या काय, वाटीनं मोजून वाढा आणि वाडग्यात काकडी-डाळीला जागा जास्त द्या.

अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजत. चार मध्यम काकड्या. देठाकडचं टोक कापून घासायची पद्धत आपल्याकडं आहेच, तरी देठाकडचा तुकडा चाखल्याशिवाय पुढं जाऊ नका, कडूपणा तिथंच जास्त असतो. सगळीच कडू निघाली तर सरळ टाकून द्यावी. काकडीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, मीठ लागलं की ते सुटायला लागतं. म्हणून डाळ, खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि फोडणी आधी घाला, मीठ अगदी पानं घेताना. ही अत्तींची शिस्त. मी एकदा मीठ आधी घातलं, तर वाडग्यात तळं झालं.

बोनलेस चिकन अर्धा किलो. छातीचे मोठे तुकडे आडवे चिरून बत्त्यानं हलके चेपून अर्ध्या इंचाचे करायचे, म्हणजे लवकर आणि सारखे शिजतात. मीठ, चमचाभर आलं-लसूण, हळद, चमचाभर ताजी मिरपूड, अर्धं लिंबू लावून वीस मिनिटं. तव्यावर दोन चमचे तेल, एका वेळी तीनच तुकडे. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्या ऐवजी उकडतं. एक बाजू चार-पाच मिनिटं, दुसरी तेवढीच, नंतरची दोन-तीन मिनिटं झाकण. सगळ्यांत जाड तुकडा मधे कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. मग पाच मिनिटं तसंच ठेवून आडवे काप करायचे. लगेच कापलं तर रस पाटावर आणि कोरडं चिकन वाडग्यात.

वास येतच नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण वाटण नाही, रस्सा उकळायचा नाही, तवा गॅलरीतल्या शेगडीवर दहा-पंधरा मिनिटं, नंतर झाकलेलं भांडं. अत्ती टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसतात. पहिल्या बुधवारी त्यांनी दोन घास खाल्ले आणि वाडगा घेऊन खोलीत गेल्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या बुधवारी अर्ध्याला उठल्या. चौथ्या-पाचव्या खेपेला कधीतरी "इन्नू स्वल्प हाक" म्हणून वाडगा माझ्याकडं सरकवला, तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी कण्या वाढण्यात फार गुंतल्याचं दाखवलं. बुधवारी रात्री आकडा आता ठीक येतो. श्रावणात कोंबडी बंद होते, वाडगा चालू राहतो.

मागच्या मार्चमध्ये वर्षअखेरीच्या कामामुळं मला यायला उशीर होणार होता. लेकीनं फोन केला, चिकन मी करते म्हणून. घरी आले तेव्हा कळलं, की कण्या भिजत घालायचं राहिलं होतं, म्हणून अत्तींनी वाडग्यात चुरमुरे घाला सांगितलं. चिकन लेकीनं गॅलरीत केलं. अत्ती हॉलमध्ये घड्याळासमोर बसून तिथूनच ओरडत होत्या, "ऐद निमिष आत, आता उलट!" आयुष्यात कोंबडीला हात न लावलेल्या बाईनं भाजलेलं ते चिकन माझ्यापेक्षा मऊ झालं होतं, असं मुलगा म्हणाला. मी मात्र चुरमुरे कुरकुरीत असताना पोचू शकले नाही.