गोरेपणाचा तगादा

बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाया आधी बाळाचा कान बघतात. कानाच्या पाळीवरून पुढे रंग कसा होणार ते कळतं म्हणे. मग निकाल लागतो, ‘बापावर गेली गं, मसुराचं पीठ लावत जा.’ पोर अजून पाळण्यातही पडलेली नसते आणि तिच्या कातडीची दुरुस्ती सुरू होते.

हे मायेपोटी असतं, असं मला कुणी सांगू नये. मी सावळी आहे. हातातली राणी रंगाची साडी दुकानदारासमोर काढून घेऊन ‘तुला खुलणार नाही’ म्हणणाऱ्या काकू मी भोगल्यात. तेवढ्या एका वाक्याने मुलगी वर्षानुवर्षं फिक्या रंगांत वावरते, फोटोत मागे उभी राहते, बहिणीच्या मनगटाशी आपलं मनगट लावून बघते. पुण्यात शिकायला आलेल्या मणिपुरी मुलीला डोळ्यांवरून, आफ्रिकी मुलीला केसांवरून हेच ऐकावं लागतं; तेही भर रस्त्यात, अनोळखी माणसांकडून.

हुद्द्यानेही सुटका होत नाही. शारदा मुरलीधरन केरळच्या मुख्य सचिव होत्या. त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे पती होते. त्यांचं काम गोरं आणि हिचं काळं, असा शेरा कुणीतरी मारला. २०२५ मध्ये बाईंनी ते जाहीरपणे लिहिलं. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मला परत पोटात घालून गोरी करून आणशील का? एवढ्याशा पोरीच्या तोंडी हा प्रश्न मोठ्यांच्या बोलण्यातूनच येतो.

फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं क्रीम १९७५ साली आलं. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं, तगादा राहिला. अकोल्यातल्या एका मुलीने गोरेपणाचं दुसरंच एक क्रीम लावलं. फरक दिसला म्हणून आईने आणि बहिणीनेही लावलं. तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा अंगात भिनून किडनीत साठतो. असलं क्रीम विकणाऱ्याला तुरुंगात टाकाच. पण पोरींना त्या डबीपर्यंत ढकलत नेणारे हळदीकुंकवाला, लग्नाच्या बैठकीला, शाळेच्या स्टाफरूममध्ये मानाने बसलेले असतात. त्यांच्या वयाचा मान मी यापुढे राखणार नाही. माझ्यासमोर कुणाच्या लेकीच्या रंगावर बोललात, तर चारचौघांत तिथल्या तिथे तोंड बंद करीन.