बेवारस मृतांचे वारस

नागपूरजवळ, काटोलच्या वाटेवर, जुनापाणीच्या माळरानात दगडांची सुमारे ३०० वर्तुळे विखुरलेली आहेत. वरवर पाहणाऱ्यास हा धोंड्यांचा पसारा वाटावा. वस्तुतः ती इतिहासपूर्व स्मशानभूमी आहे. मृताचे अवशेष, मडकी व लोखंडी हत्यारे ठेवून त्यांवर माती-गोट्यांचा ढीग रचावयाचा आणि भोवती मोठाल्या शिळांचे कडे घालावयाचे, अशी ही रीत. काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथील वृत्तान्त १८७९ साली प्रसिद्ध केला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भातच माहुरझरीस घोड्याच्या मस्तकावरील तांब्याचे अलंकार मिळाले, नैकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या लोकांस रानटी कोण म्हणेल?

किल्ल्याचा बुरूज ढासळला की आपण हळहळतो, कारण तो आपल्या पूर्वजांचा. परंतु या मृतांची भाषा कोणती, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांच्या नावाने ना कोणी तर्पण करतो, ना मोर्चा काढतो. भाषेच्या अभिमानाने लेखणी चालविणारे आम्हीच म्हणून हे सांगतो की, जे आपले म्हणून सिद्ध होईल तेवढेच जपावयाचे, ही संस्कृती नव्हे. ती सातबाऱ्याची नोंद झाली!

जुनापाणीला केंद्र सरकारचे संरक्षण आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी, व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पण विदर्भातील अशी सारीच वर्तुळे संरक्षित नाहीत. तेथे तोच ढीग शेतकऱ्यास नांगराची अडचण ठरतो आणि कंत्राटदारास फुकटची खडी. शेतकऱ्यास दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्याच्या बांधावर काय निजले आहे, हे त्यास कोणी कधी सांगितले काय?

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी आपल्या शिवारातील वर्तुळांची यादी असावी, आणि गावच्या शाळेतील मुलांस वर्षातून एकदा तरी ती दाखवावी, एवढीच आमची मागणी आहे. हललेली शिळा पुन्हा जागेवर बसविता येईल. तिच्याखालचा उधळलेला पुरावा मात्र कोणत्याही सरकारास पुन्हा मांडता येणार नाही.