कपाटात कोंडलेली आगगाडी

संग्राहक मंडळी माझ्यावर रागावणार, हे ठाऊक असूनच मी हे लिहीत आहे. रागवावे खुशाल! मीही त्यांच्यातलाच. माझ्या काचेच्या कपाटात हॉर्नबीच्या चावीच्या आगगाड्या आहेत. पत्र्याचे स्टेशन आहे, हात खाली-वर करणारे सिग्नल आहेत, बोगदा आहे, बोटाएवढा हमालसुद्धा आहे. फक्त गाडी सुटत नाही, एवढेच!

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली या गाड्या बाजारात आणल्या, त्या पोरांनी जमिनीवर रूळ पसरून खेळावे म्हणून. आम्हांला मात्र ‘मुळीच न खेळलेली’ गाडी मिळाली की धन्य वाटते. तिचे मूळचे पुठ्ठ्याचे खोके शाबूत असले, तर किंमत आणखी चढते! १९५७ साली अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती फारशी कुणी घेईना; दुकानांतून पडून राहिली. आज तिच्यावर संग्राहकांच्या उड्या पडतात. मुलांनी नाकारावे आणि थोरांनी डोक्यावर घ्यावे, असा हा न्याय!

“पण वापरले की झिजते ना?” असे कुणी विचारील. अहो, न वापरलेले तरी कुठे टिकते? त्या काळच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर चाके कपाटात बसल्या बसल्याच फुगतात, तडकतात आणि एक दिवस त्यांचा भुगा होतो. तिथे तुमचे कुलूप काय करणार?

आणि संग्रह म्हटला की कुलूप आलेच, असेही नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, ते गाड्या धावताना लोकांनी पाहाव्यात म्हणूनच.

गेल्या दिवाळीत नातवाने काचेला नाक लावून विचारले, “आजोबा, ही चालते?”

“हात लावू नकोस,” मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारले नाही. मुकाट्याने अंगणात किल्ला करायला गेला. त्याचे ते न विचारणे वर्षभर मला बोचते आहे.

यंदा मी कपाट उघडले आहे. इंजिनाला तेलाचे दोन थेंब दिले आहेत. ओसरीवर रूळ मांडायचे आणि चावी त्याच्या हाती द्यायची. एखादा सिग्नल मोडेल, मोडू दे. सिग्नल पुन्हा मिळेल. नातू पुन्हा सहा वर्षांचा होणार नाही.