घरात जठराचा कॅन्सर झाला असेल, तर आधी जीन टेस्ट की जंतूची तपासणी?

"वडिलांना जठराचा कॅन्सर झाला, मलाही होईल का? जीन टेस्ट करून घेऊ का?" असे नातेवाईक आता सर्रास विचारतात. तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर दोन अभ्यास समजून घ्या.

जपानमध्ये काय आढळले?
मार्च 2023 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जठराचा कॅन्सर झालेले 10 हजारांहून अधिक रुग्ण आणि कॅन्सर नसलेले सुमारे 38 हजार लोक यांची 27 जनुके त्यात तपासली. त्यांपैकी 9 जनुकांतील आनुवंशिक दोषांचा या कॅन्सरशी संबंध दिसला. स्तनाच्या कॅन्सरमुळे माहीत असलेली बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुकेही त्यात आहेत.

पण दोष एकटा नसतो. जठरातील एच. पायलोरी हा जंतू पेशींच्या डीएनएला इजा करतो. बीआरसीएसारखी जनुके ती इजा दुरुस्त करतात. दुरुस्ती करणारेच जनुक सदोष असेल आणि जंतूही असेल, तर 85 वर्षांपर्यंत कॅन्सर होण्याचा धोका सुमारे 45 टक्के निघाला. जंतू आहे पण असा दोष नाही, त्यांच्यात तो सुमारे 14 टक्के होता.

हे आकडे जपानचे आहेत. आपल्याकडे हा जंतू खूप जणांच्या पोटात असतो, तरी जठराचा कॅन्सर जपानपेक्षा कमी आढळतो. त्यामुळे 45 टक्के हा आकडा स्वतःला लावून घेऊ नका.

जंतू घालवल्याने फायदा होतो का?
होतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात रुग्णांच्या आई-वडील, भावंडे, मुले अशा जवळच्या नातेवाइकांना घेतले होते. सुमारे 9 वर्षांत, जंतूवर औषधे घेतलेल्यांपैकी 1.2 टक्के लोकांना कॅन्सर झाला, तर न घेतलेल्यांपैकी 2.7 टक्के लोकांना. धोका निम्म्याहून कमी झाला, पण शून्य झाला नाही.

मग तुम्ही काय करावे?
- एच. पायलोरीसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.
- जंतू सापडल्यास औषधांचा कोर्स पूर्ण करा. तो गेला का, हे किमान 4 आठवड्यांनी पुन्हा तपासा.
- घरात दोघा-तिघांना जठराचा कॅन्सर, कुणाला तो कमी वयात, किंवा सोबत स्तनाचा कॅन्सर असेल, तर जनुकीय समुपदेशकांना भेटा. सीडीएच-1 या जनुकातील दोषाने होणारा कॅन्सर दुर्बिणीच्या तपासणीतही सुटू शकतो. तिथे फक्त जंतू घालवून भागत नाही.
- जीन टेस्ट शक्यतो आधी रुग्णाची करावी. त्याच्यात दोष सापडला, तर तुमच्या रिपोर्टचा अर्थ नीट लावता येतो.

वजन घटणे, काळी शौच होणे किंवा घास अडकणे असा त्रास असेल, तर कोणत्याही टेस्टची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.