हिशेब चोख, पण पैसा कुणाचा?

परवा एका व्याख्यानात वक्त्यांनी ग्रीसचा इतिहास दोन वाक्यांत उरकला. अथेन्स म्हणजे लोकशाही, स्पार्टा म्हणजे लष्करशाही. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. बी.ए.च्या पेपरात हेच लिहून मीही मार्क मिळवले होते, म्हणून तर आज राहवत नाही.

अथेन्सचं मोठेपण मला मान्य आहे. बायका, गुलाम, परके यांना मत नव्हतं, हे खरंच. पण बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मुदत एक वर्ष, आणि पद सोडताना प्रत्येकाने हिशेब द्यायचा. माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला याचा हेवाच वाटतो!

पण तिजोरीत पैसा कुठून येत होता? इराणी सत्तेविरुद्ध इ.स.पू. ४७८ मध्ये अनेक नगरांचा संघ झाला. वर्गणी डेलॉस बेटावर जमायची. नॅक्सॉसने संघ सोडायचं म्हटलं, तर वेढा घालून त्याला नमवलं. ४५४ मध्ये तिजोरीच अथेन्सला आणली. वर्गणीचा साठावा हिस्सा अथीना देवीला, आणि त्याची नगरवार यादी दगडावर कोरलेली. हिशेब चोख! वर्गणीची मात्र खंडणी झाली होती.

४२७ मध्ये बंडखोर मिटिलीनी शरण आली. तिथले सगळे पुरुष मारावेत, असा ठराव सभेने केला. दुसऱ्या दिवशी थोडक्या मतांनी तो फिरवला आणि दुसरं जहाज कसंबसं वेळेवर पोचलं. ४१६ मध्ये मेलॉसच्या नशिबी तेही नव्हतं. ते संघात सामील झालं नव्हतं, एवढाच गुन्हा. पुरुष कापले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. हे कुणा जुलमी राजाचं काम नव्हे, लोकशाही नगराचं.

मग स्पार्टा बरा? मुळीच नाही. दोन राजे, दरवर्षी निवडलेले पाच एफोर, तीस जणांची ज्येष्ठसभा, आणि या सगळ्यांच्या पोटासाठी शेतात राबणारे हेलॉट. ग्रीकांना मुक्त करू म्हणून लढले आणि ४०४ मध्ये जिंकल्यावर अथेन्सवर तीस जुलम्यांचं राज्य बसवलं. ते वर्षभरही धड टिकलं नाही.

म्हणून म्हणतो, लोकशाही घरात कशी नांदते एवढंच पाहू नका, शेजाऱ्यांनाही विचारा. अथेन्सच्या त्या दगडांवर शेकडो नगरांची नावं आहेत, पण फक्त जमेच्या बाजूला. त्यांच्या पैशाचं काय करायचं ते ठरवताना हात वर करायचा अधिकार त्यांना नव्हता.