मन घट्ट करून धंदा चालत नाही



धंद्याच्या जवळपास प्रत्येक सेमिनारमध्ये एक वाक्य हमखास असतं. "मन घट्ट करा, बाकी सगळं आपोआप होतं." टाळ्या पडतात, लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ईएमआय, तीच अडकलेली पेमेंट आणि तीच छातीतली धडधड. मी स्वतः ट्रेनिंग देते, तरी सांगते: हे वाक्य लहान धंदेवाल्याचं नुकसान करतं. कारण ते ऐकून त्रासात असलेल्या माणसाला वाटतं की आपलंच मन कच्चं आहे. मग तो कुणाला काही सांगत नाही.

माझं सातपूरला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्स, टेप, स्ट्रेच फिल्म. गिऱ्हाईक बहुतेक एमआयडीसीतले छोटे कारखानदार: टर्निंगवाले, प्रेस शॉपवाले, पावडर कोटिंगवाले. माल घेताना दोन मिनिटं बोलणं होतंच. "ताई, झोपच लागत नाही." "ॲसिडिटी काही जात नाही." "घरी गेलं की पोरांवर उगाच ओरडतो." मशीन बंद पडलं तर हीच माणसं तासाभरात मेकॅनिक बोलावतात. स्वतःच्या झोपेकडे मात्र सहा-सहा महिने बघत नाहीत.

हे फक्त सातपूरचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या आत्महत्यांची नोंद १,६४,०३३ आहे. त्यातले २० हजारांहून जास्त जण स्वयंरोजगार करणारे होते. म्हणजे आपल्यासारखेच, स्वतःचा धंदा करणारे. प्रत्येक घटनेमागची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात, पण हा आकडा वाचून "मन घट्ट करा" एवढंच सांगणं मला तरी पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे. आपण 'टेन्शन' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो: शरीराचं टेन्शन, विचारांचं टेन्शन आणि पैशाचं टेन्शन. तिघांची दुरुस्ती वेगळी आहे. वायरिंगचा फॉल्ट असताना ग्रीस लावून उपयोग नसतो, तसंच हे.

१. शरीराचं टेन्शन

मोठ्या पार्टीचा नंबर मोबाईलवर दिसला की पोटात गोळा येतो, हात गार पडतात, श्वास वर अडकतो. हा भित्रेपणा नाही. ही मज्जासंस्थेची जुनी सोय आहे. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास 'लढा किंवा पळा' या प्रतिक्रियेबद्दल लिहिलं. धोका दिसला की ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, पचन मागे पडतं. वाघ समोर असेल तर हे उत्तमच. पण पेमेंटचा फोन हा वाघ नाही, आणि तो दिवसातून दहा वेळा येतो. शरीर दहाही वेळा पळायची तयारी करतं आणि आपण खुर्चीत बसूनच असतो.

या यंत्रणेला ॲक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना थोडे कमी होतात. म्हणून श्वास सोडायला जास्त वेळ दिला की ब्रेक लागतो. करायचं एवढंच: ४ आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, ६ आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. श्वास रोखून धरायची गरज नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा.

यात परदेशातून काही मागवावं लागत नाही. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योग-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजायला घेतलं. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं. म्हणजे गेली शंभर वर्षं हा विषय आपल्या महाराष्ट्रात अभ्यासला जातोय. म्हणून रीलमध्ये कुणी 'नर्व्हस सिस्टिम रेग्युलेशन'चा महागडा कोर्स विकत असेल तर आधी हे पाच मिनिटांचं फुकटचं काम महिनाभर करा. मग खिशात हात घाला.

ब्रेक समजून आपण ज्या गोष्टी वापरतो त्यातल्या काही उलट काम करतात. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सात वाजता घेतलेला कटिंग रात्री बारालाही अंगात असतो. तंबाखूने डोकं शांत झाल्यासारखं वाटतं, पण त्यातली बरीचशी शांतता ही तंबाखूचीच तलफ भागल्याची असते. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या दुसऱ्या भागात मोडते. "रोज थोडी घेतल्याशिवाय झोप येत नाही" इथपर्यंत गाडी आली असेल तर तो टेन्शनवरचा इलाज राहिलेला नाही, तो वेगळा आजार सुरू झालाय. त्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय. लाज वाटू देऊ नका.

एक सूचना महत्त्वाची. छातीत दुखणं, डाव्या हाताकडे कळ जाणं, दरदरून घाम येणं याला टेन्शन म्हणून श्वास मोजत बसू नका. आधी दवाखाना.

२. विचारांचं टेन्शन

शरीर शांत झालं तरी डोक्यात एक वाक्य फिरत राहतं. आपली खरी अडचण बहुतेक वेळा तिथे असते.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवण्यासाठी आयुष्य घातलं. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती लिखाणातून आणि व्याख्यानांतून घराघरात नेली. या पद्धतीचं सूत्र असं: घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन बसलेला असतो. घटना आपल्या हातात नसेल, दृष्टिकोन तपासता येतो.

धंद्यातलं उदाहरण घेऊ. समजा, तीन वर्षं चालू असलेली ऑर्डर कंपनीने दुसऱ्या व्हेंडरला दिली. ही घटना. एक जण मनात म्हणतो, "ऑर्डर गेली. वाईट झालं, महिना ओढाताणीचा जाणार. दोन नवीन ठिकाणी कोटेशन द्यायला हवं." दुसरा म्हणतो, "ऑर्डर गेली म्हणजे मी नालायक. भावकीत तोंड कसं दाखवू?" नुकसान दोघांचं सारखंच. पहिल्याला काळजी वाटते आणि तो कामाला लागतो. दुसरा शटर अर्धं खाली ओढून बसतो.

मोटिव्हेशनवाला दुसऱ्याला सांगेल, "तू वाघ आहेस!" मला हे घातक वाटतं. कारण आज 'मी वाघ' असेल तर उद्या चेक बाउन्स झाल्यावर 'मी शेळी' होणारच. एलिसचं म्हणणं वेगळं आहे: कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. धंदा तोट्यात गेला हे वाक्य बॅलन्स शीटवर सिद्ध करता येतं. मी फुकट गेलो हे वाक्य कुठल्याही वहीत सिद्ध होत नाही. दुकान तुमचं आहे, पण दुकान म्हणजे तुम्ही नव्हे. नवीन उद्योजकाने मार्केटिंगच्या आधी हे शिकावं असं माझं ठाम मत आहे.

हा तपास स्वतः करणं अवघड जातं, कारण वाक्य आपल्याच आवाजात येत असतं. थेरपी म्हणजे हाच तपास प्रशिक्षित माणसासोबत बसून करणं. तिथे उपदेश मिळत नाही. प्रश्न विचारले जातात, घरी करायचं काम दिलं जातं, आणि बोललेलं बाहेर जात नाही.

कुणाकडे जायचं? औषध देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाला शिक्षण आणि अनुभव सरळ विचारा. मशीन घेताना दहा प्रश्न विचारता, इथे दोन तरी विचारा. आणि हो, बिझनेस कोच यातला कुणीच नाही. माझं शिक्षण बीबीएचं आहे. मी तुम्हाला कॉस्टिंग शिकवू शकते, नैराश्यावर उपचार करू शकत नाही. जो ट्रेनर दोन्ही करतो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

खर्चाची भीती असेल तर सुरुवात फुकट होते. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आपलं जिल्हा रुग्णालय सातपूरहून शहरात जाणाऱ्या त्र्यंबक रोडवरच आहे. तिथे मनोविकार विभागाची चौकशी करा. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे. पॉलिसी रिन्यू करताना एजंटला ओपीडीचं काय, ते नक्की विचारा.

कधी जायचं? सलग दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल तर. आणि "मी नसलो तर बरं" असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी. १४४१६ लावा आणि जवळच्या एका माणसाला सांगा. ऑर्डर, डिलिव्हरी, जीएसटी रिटर्न सगळं त्यानंतर.

३. पैशाचं टेन्शन

आता उलट बाजू. थकलेले चार लाख श्वास मोजून येत नाहीत, आणि थेरपिस्ट तुमची उधारी वसूल करत नाही. काही टेन्शन हे मनाचं नसतंच, ते हिशोबाचं असतं. "पॉझिटिव्ह राहा" म्हणून ते झाकणं ही फसवणूक आहे.

एमएसएमईडी कायदा २००६ काय सांगतो बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली की लेखी करारातल्या मुदतीत पैसे यायला हवेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं. त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा. एक गोष्ट ध्यानात घ्या: माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण आपल्याला नाही. म्हणून दुकानदाराने उधारीची मर्यादा आधीच ठरवायची आणि पाळायची.

"तक्रार केली तर ऑर्डर जाईल" ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पण कायदा माहीत असलेला माणूस फोनवर वेगळ्या आवाजात बोलतो. निदान बिलावर उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ तरी छापा.

वसुलीवाल्यांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर लोकपाल आहे. माहितीसाठी नंबर १४४४८.

आणि सगळ्यात आधी, सगळी देणी एका कागदावर लिहा. कुणाचे किती, व्याज किती, तारीख कोणती. तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवा. अंधारातली रक्कम खऱ्या रकमेपेक्षा मोठी वाटते. शिवाय लपवलेल्या कर्जाचं ओझं दुप्पट असतं, एक कर्जाचं आणि एक लपवण्याचं.

"आमच्या वडिलांनी कुठे थेरपी घेतली?"

हे हमखास विचारलं जातं. खरंय, नाही घेतली. पण त्यांच्या दुकानाला शटर होतं आणि ते रात्री बंद व्हायचं. आपलं दुकान व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकरालाही उघडं असतं. त्यांच्याजवळ ओट्यावर बसून बोलायला माणसं होती. तरीही त्यांच्यातल्या कितींनी बीपी, अल्सर आणि न बोललेलं दुःख काढलं याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. सोसलं म्हणून ते योग्य होतं असं होत नाही.

उद्यापासून एवढं करा. टेन्शन आलं की आधी विचारा, हे तिघांपैकी कुठलं? शरीराचं असेल तर पाच मिनिटं श्वास आणि झोपेची वेळ. विचारांचं असेल तर ते वाक्य कागदावर लिहा, तपासा, आणि सुटत नसेल तर तज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्या. पैशाचं असेल तर देण्यांचा कागद, बिल, कायदा आणि फोन. बऱ्याचदा तिन्ही एकत्र असतात. मग तिन्ही दुरुस्त्या एकत्र चालू करा.

मशीनला मेंटेनन्स लागतो याची आपल्याला लाज वाटत नाही. मशीन चालवणाऱ्यालाही लागतो.

हा लेख अशा एका माणसाला पाठवा, जो सध्या फोन उचलत नाहीये. आणि पाठवल्यावर त्याला एकदा भेटून या.